म्हातारपण कोणाच्या खात्यावर?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते प्राथमिक शाळेत शिकवत. त्यांच्या काळी या तालुक्यातली वाडीवाडीवरची शाळा मुलांनी भरलेली असे. आज त्यांतल्या कित्येक शाळांचा पट वीसच्या आत आला आहे. विषय कळवा असा निरोप आला तेव्हा माझ्या डोक्यात हा पटच घोळत होता. शाळेत मुलं नाहीत, मग गावात आहे कोण? कोणत्याही दुपारी कोणत्याही वाडीत जाऊन बघा. घरं आहेत, चिरेबंदी आहेत, नवा रंग दिलेली आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना कुलूप आहे. जी उघडी आहेत त्यांच्या ओटीवर, पडवीत, खळ्यात साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तासभर तुम्हाला ते तपासत बसता येईल. म्हातारपण हा एकेका घराचा खासगी मामला आहे, मुलगा चांगला निघाला तर भाग्य आणि नाही निघाला तर भोग, असं आपण धरून चाललो आहोत. हे धरून चालणं आता सोडावं लागेल. म्हातारपण गावाच्या खात्यावर घ्यावं लागेल. का घ्यावं लागेल आणि कसं घ्यायचं, एवढाच माझा विषय.

थोडे आकडे सांगतो. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती. शंभरांत साधारण साडेआठ. महाराष्ट्रात हे प्रमाण दहाच्या जवळ होतं, गोव्यात अकरा, केरळात साडेबारा. पुढची जनगणना लांबली, त्यामुळे नेमकी आजची मोजणी हातात नाही. पण 2036 पर्यंत देशातला जवळपास दर सातवा माणूस साठीपुढचा असेल, असा सरकारच्याच तज्ज्ञगटाचा अंदाज आहे. फ्रान्समध्ये म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण सातावरून चौदा टक्क्यांवर जायला 115 वर्षं लागली. आपल्याला त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतका वेळ मिळणार आहे.

पण याला संकट म्हणू नका, अशी माझी विनंती आहे. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास या देशातलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. आज ते 70 आहे. ही वर्षं कुणी दान दिलेली नाहीत. देवीची लस, पटकीवर मिळवलेला ताबा, विहिरीत टाकलेली पावडर, पायपीट करून वाडीवर येणारी नर्सबाई, दवाखान्यात होऊ लागलेली बाळंतपणं, या सगळ्यांनी मिळून ती कमावली आहेत. आपल्या आज्या-पणज्यांनी लेकरं पुरली. आपण नातवंडांची लग्नं बघतो. एवढं मोठं यश मिळवलं आणि त्याची तजवीज मात्र केली नाही, अशी आपली अवस्था आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 2001 ते 2011 या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास सोळा टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत राज्यातल्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या मात्र घटली. कोणते तीन? मुंबई शहर, सिंधुदुर्ग आणि आपली रत्नागिरी. आपण 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आलो. आणि दर हजार पुरुषांमागे बायका किती? 1122. बाहेरच्या माणसाला हा आकडा ऐकून कौतुक वाटतं. आपल्याला माहीत आहे की त्याचा अर्थ एवढाच, की पुरुष इथे नाहीत.

ते कुठे आहेत हे या सभागृहात सांगायची गरज नाही. शंभर-सव्वाशे वर्षं आपण मुंबईला माणसं दिली. गिरणीला दिली, गोदीला दिली, पोस्टाला दिली, बेस्टला दिली. तरुणपण मुंबईत आणि म्हातारपण गावात, असा तो करार होता. कोणी लिहिलेला नाही, पण प्रत्येक घराने पाळलेला. मनीऑर्डर यायची, गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी यायचा आणि साठीला कायमचा परतायचा. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हा करार मध्येच फाटला. अडीच लाख कामगारांचा तो संप. कित्येक जण ऐन उमेदीत, हातात काही नसताना गावी परतले. तेव्हा तिशी-पस्तिशीत असलेला कामगार आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. त्याचा मुलगा विरारला किंवा दिव्याला भाड्याच्या खोलीत राहतो, कुठल्या तरी एजन्सीमार्फत कामाला लागलेला आहे, आणि त्याला स्वतःलाच उद्याची खात्री नाही.

या मुलाला आपण काय म्हणतो? आपण म्हणतो, त्याला संस्कार नाहीत.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण माझ्या मते सगळी गाडी इथेच अडकली आहे. म्हातारपणावर कुठेही चर्चा निघाली, की दहा मिनिटांत ती संस्कारांवर येते. एकत्र कुटुंब होतं तेव्हा कसं छान होतं, आता मुलं कशी स्वार्थी झाली, सुना कशा वेगळ्या राहतात. कायदाही थोडाबहुत त्याच वाटेने गेला. 2007 साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात म्हाताऱ्या आई-बापांना प्रांतांकडे अर्ज करता येतो, महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मिळकत मुलाने न सांभाळल्यास परत मागता येते. हा कायदा चांगला आहे आणि तो माहीत असायला हवा. काही वर्षांपूर्वी लातूर जिल्हा परिषदेने आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापून ते आई-वडिलांना देण्याचा ठराव केला. त्यालाही माझा विरोध नाही. छळणारी मुलं आहेत, घर लिहून घेऊन आईला बाहेर काढणारी आहेत, आणि त्यांना कायद्याचा बडगा बसलाच पाहिजे.

पण मला सांगा, आपल्या वाडीतल्या एकट्या राहणाऱ्या किती म्हाताऱ्या उद्या प्रांताकडे जाऊन मुलाविरुद्ध अर्ज करतील? आणि ज्या मुलाचा पगारच पंधरा हजार आहे, त्याच्याविरुद्ध हुकूम मिळवून हातात काय येईल? मुलगा वाईट आहे म्हणून आई एकटी आहे, असं दर वेळी नसतं. मुलगा चांगला आहे, रोज रात्री फोन करतो, तरीही आई एकटी आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत हे दुसरंच चित्र आहे.

एक घर सांगतो. नावगाव सांगत नाही. घाटी चढून गेल्यावर शेवटचं घर. ऐंशीच्या आसपासच्या आजी एकट्या राहतात. मुलाने मागच्या गणपतीत खळ्याच्या कोपऱ्यात सीसीटीव्ही कॅमेरा बसवला. चोरांसाठी नव्हे. आई सकाळी दार उघडून बाहेर आली का, हे कामावर जाताना लोकलमध्ये मोबाइलवर बघता यावं म्हणून. आजींना ते नीट समजलेलं आहे. रात्री भांडी आत घेतल्यावर त्या कॅमेऱ्याच्या खाली उभ्या राहतात, वर बघतात आणि म्हणतात, ‘निजतंय रे मी.’ मग दाराला आतून अडणा लावतात. या मुलाला संस्कार नाहीत असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. त्याला आई दिसते. पण ती पडली तर उचलायला त्याचे हात तिथे नाहीत.

आणि आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. 1975 साली या देशात अंगणवाडी सुरू झाली. त्याआधी लेकरांना कोण जेवू घालत होतं? आई. मग अंगणवाडी उघडली तेव्हा कोणी म्हटलं का, की आयांचे संस्कार गेले? की आता बायकांना पोरं जड झाली, म्हणून सरकारला खिचडी शिजवावी लागते? नाही म्हटलं. उलट आपण असं म्हटलं, की पोर वाढवणं एकट्या आईच्या बळावर सोडून भागणार नाही, त्यात गावाने आणि सरकारने खांदा द्यायला हवा. गावोगावी सेविका नेमल्या, वजनकाटा आणला, लसीचा वार ठरवला. आई आईच राहिली. तिचं प्रेम तसूभरही कमी झालं नाही, तिच्या डोक्यावरचा भार तेवढा हलका झाला. लेकरांच्या बाबतीत जे आपल्याला पन्नास वर्षांपूर्वी कळलं, ते म्हाताऱ्यांच्या बाबतीत अजून का कळत नाही? गावातली आरोग्याची सगळी यंत्रणा आजही आई आणि मूल यांच्याकडे तोंड करून उभी आहे. ती तशी असावीच. पण ज्या गावात वर्षाला चार बाळं जन्मतात आणि सत्तरीपुढची नव्वद माणसं राहतात, तिथे तिने थोडी मान वळवायला नको का?

दुसरी गोष्ट बायकांची. आपल्याकडे म्हातारपण म्हटलं की डोळ्यांसमोर काठी टेकणारे आजोबा येतात. वास्तवात आपल्याकडचं म्हातारपण बहुतांशी बाईचं आहे. बायका जास्त जगतात, नवऱ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी लहान असतात, म्हणून शेवटची वर्षं त्यांच्या वाट्याला एकटेपणी येतात. साठीपुढच्या बायकांत जवळपास निम्म्या विधवा आहेत. पुरुषांत हे प्रमाण त्यापेक्षा कितीतरी कमी. कारण साधं आहे. पुरुषाचं म्हातारपण काढायला बायको असते. बायकोचं काढायला कोण?

या बाईने आयुष्यभर काय केलं ते आठवा. नवरा मुंबईत. तिने सासूचं केलं, सासऱ्याचं केलं, दिराची पोरं वाढवली, लावणी केली, झोडणी केली, डोक्यावरून भारे वाहिले, आणि नवरा परत आला तो दम्याने नाहीतर क्षयाने पोखरून, तर त्याचं शेवटचं दुखणंही तिनेच काढलं. एवढ्या कामाला पगार नाही, फंड नाही, निवृत्ती नाही. सातबारावर तिचं नाव असलंच तर पंचवीस-तीस सामाईक खातेदारांच्या रांगेत शेवटी, आणि त्यांतले वीस जण मुंबईत. परसातला फणस विकायचा म्हटलं तरी तिला चार जणांना फोन करावा लागतो. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची दखल सगळ्या राज्याने घेतली. एक ग्रामसभा काय करू शकते हे तिथे दिसलं. कुंकू आणि मंगळसूत्राचा प्रश्न ग्रामसभेत येऊ शकतो, तर विधवेच्या औषधाचा आणि वारसनोंदीचा का येऊ नये?

आता वाटेचा प्रश्न. हा तुम्हाला किरकोळ वाटेल, मला तो फार महत्त्वाचा वाटतो. आपली गावं डोंगरउतारावर आहेत. वाड्या विखुरलेल्या, मध्ये वहाळ, पऱ्ये, पाखाड्या. जांभ्याच्या त्या पायऱ्या तरण्या पायांसाठी घातलेल्या आहेत. एक पायरी फूटभर उंच, दुसरी अर्धा फूट, पावसाळ्यात शेवाळ, धरायला कठडा नाही. गुडघे गेलेल्या बाईला ही पाखाडी उतरता येत नाही, म्हणून ती दवाखान्यात जात नाही. दवाखान्यात जात नाही म्हणून रक्तदाबाची गोळी संपते. गोळी संपली म्हणून एके दिवशी अर्धांग होतो. मग तिला खुर्चीत बसवून, खुर्चीला बांबू बांधून खाली न्यायला चार गडी लागतात, आणि वाडीत चार गडी नाहीत. मरण ओढवलं तर तिरडीला खांदा द्यायला शेजारच्या वाडीतून माणसं बोलवावी लागतात आणि मुंबईची गाडी येईपर्यंत बर्फाच्या लाद्यांची व्यवस्था करावी लागते. शिमग्यात पालखी नाचवायला माणसं कमी पडतात याची आपण हळहळ करतो. पालखी वर्षातून एकदा उचलायची असते. माणसं बारा महिने उचलावी लागतात.

सरकारने पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत केला. 65 ते 75 वयाच्यांना अर्धं तिकीट आहे. फार चांगलं केलं. तालुक्याच्या स्थानकावर सकाळी बघा, म्हातारी माणसं किती मोकळेपणी लेकीकडे, बहिणीकडे, देवदर्शनाला निघालेली असतात. रेल्वेची सवलत मात्र मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच. पण एसटीचा प्रवास फुकट झाला, तरी एसटीच्या थांब्यापर्यंतचा प्रवास कोण करून देणार? त्याचं उत्तर मुंबईच्या मंत्रालयात मिळणार नाही. ते कठड्यात आहे, सारख्या उंचीच्या पायरीत आहे, वाटेवरच्या दोन बाकड्यांत आहे, वाडीच्या वळणावरच्या दिव्यात आहे. हे सगळं ग्रामपंचायतीच्या हातातलं आहे. गावाच्या कमानीवर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात दोन पाखाड्यांना कठडे होतात.

पैशाविषयी थोडक्यात बोलतो. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 60 ते 79 वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा महिना 200 रुपये. दीड दशकाहून अधिक काळ तो 200 वरच आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांपुढच्यांना 2023 पासून महिना 1,500 रुपये मिळतात. पण कोणाला? ज्याच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत आहे त्याला. एकवीस हजार म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा होत नाहीत. रोजगार हमीच्या दराने घरातल्या एकाने वर्षात पाऊणशे दिवस काम केलं, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे योजनेत बसायचं तर एकतर खोटा दाखला काढायचा नाहीतर खरोखर उपाशी राहायचं. कामगारांच्या फंडाच्या पेन्शनची किमान रक्कम 2014 पासून 1,000 रुपये आहे. आयुष्यभर कारखान्यात घाम गाळलेल्या माणसाला हजार रुपये.

आणि ते मिळवायचे कसे? बँकेत अंगठा लावायचा. आयुष्यभर भात लावून, भांडी घासून, जातं ओढून त्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. यंत्र तिला ओळखत नाही. ती बोट पदराला पुसते, पुन्हा लावते. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, आजी, दुसरं बोट लावा. ते लागत नाही. मग परवा या. ज्या कामाने ही बोटं झिजली, त्याच कामाचा मोबदला म्हणावा असे हे पैसे, आणि बोटं झिजली म्हणून ते मिळत नाहीत. पोस्टमन यंत्र घेऊन घरी येऊ शकतो, अशी सोय आहे. ती मागून घ्यायला हवी. सत्तरीपुढच्या सगळ्यांना 2024 पासून पाच लाखांचं विमाकवच मिळालं, तेही दवाखान्यात दाखल झाल्यावरचं. म्हातारपणाचा रोजचा खर्च गोळ्यांचा, चष्म्याचा, कानातल्या यंत्राचा, डायपरचा, रिक्षाचा. तो या कवचाच्या बाहेर राहतो.

पण पैशापेक्षा मोठा प्रश्न हातांचा आहे. करणार कोण?

जरा आपल्या आंब्याच्या बागांत बघा. राखणीला कोण आहे? नेपाळचे गुरखे, बायकापोरांसह. मच्छीमार बोटींवर खलाशी कोण? तेच. आपली तरणी माणसं मुंबईला गेली म्हणून नेपाळच्या डोंगरातली तरणी माणसं आपल्याकडे आली. मग त्यांच्या डोंगरात त्यांच्या म्हाताऱ्या आयांजवळ कोण असेल? मुंबई-पुण्यात आजारी माणसाजवळ बारा तासांसाठी, चोवीस तासांसाठी ब्युरोतून बाई येते. ती कुठली असते? कुठल्या तरी खेड्यातली. आपल्या आईला एकटी ठेवून ती दुसऱ्याच्या आईचं करायला आलेली असते. देखभालीचं काम सगळीकडे असं गरिबाकडून श्रीमंताकडे, खेड्याकडून शहराकडे ओढलं जातं आहे. साखळीच्या शेवटच्या टोकाला जी म्हातारी उरते, तिच्याजवळ कोणीच नाही.

म्हणून हे काम करणारी माणसं जिथल्या तिथे तयार व्हायला हवीत, आणि त्यांना नीट पैसे मिळायला हवेत. जपानमध्येही सुनेनेच सासू-सासऱ्यांचं करायचं अशी रीत होती. सुना थकल्या, नोकऱ्या सोडाव्या लागल्या, तेव्हा त्या देशाने 2000 साली देखभालीचा विमाच सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येक जण हप्ता भरतो आणि म्हातारपणी घरी मदतनीस येतो. एवढा पैसा आपल्याकडे नाही, असं तुम्ही म्हणाल. मग केरळकडे बघा. 1993 साली कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी असाध्य दुखण्यातल्या माणसांच्या वेदना कमी करण्यासाठी एक छोटा दवाखाना काढला. पुढे तिथल्या लोकांच्या लक्षात आलं, की अंथरुणाला खिळलेला माणूस दवाखान्यात येऊ शकत नाही, दवाखान्यानेच त्याच्या घरी जायला हवं. गावोगावी स्वयंसेवक उभे राहिले. दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी. आठवड्यातले काही तास ठरवून ते शेजारच्या आजाऱ्याकडे जाऊ लागले. लोकांनी महिन्याला थोडी थोडी वर्गणी दिली. 2008 साली केरळ सरकारने त्याचं धोरण केलं आणि पंचायतीकडे घरोघर जाणारी नर्स आली. सुरुवात लोकांनी केली, सरकार मागून आलं. हा क्रम लक्षात ठेवा.

आपल्याकडे तशी माणसं नाहीत का? आशाताई आहेत. घराघरांची इतकी बारीक माहिती दुसऱ्या कोणाला नसते. कोणाचा पाय सुजला, कोणाला रात्रीचं दिसत नाही, कोण जेवण करून जेवलेलं विसरतं, हे त्यांना ठाऊक असतं. शेवटच्या या विसरण्याला गावात ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात, डॉक्टरपर्यंत नेत नाहीत. पण आशाताईंना मोबदला कामागणिक मिळतो, आणि त्या यादीत आजीजवळ अर्धा तास बसण्याला काही किंमत नाही. दहावी-बारावी झालेल्या, गावातच राहणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या सुना आहेत. त्यांना अंग पुसणं, कूस बदलणं, जखम धुणं, रक्तदाब मोजणं शिकवलं, तर हे त्यांचं मानाचं काम होईल. मानाचं म्हणजे पगाराचं. सेवा, पुण्य असे शब्द वापरून बायकांकडून फुकट काम करून घ्यायची आपली जुनी सवय इथे तरी नको.

आणि म्हातारी माणसं नुसती करून घेणारी असतात, हाही मोठा गैरसमज. दिवाळी झाली की बीडमधली जोडपी ऊसतोडीला निघतात. त्यांची शाळेतली पोरं सहा-सहा महिने कोणाजवळ राहतात? आजी-आजोबांजवळ. त्या म्हाताऱ्यांनी हात वर केले तर पोरांची शाळा सुटेल. आपल्याच जिल्ह्यातलं मुरुड घ्या. महर्षी धोंडो केशव कर्वे तिथले. बायकांसाठी त्यांनी केलेलं काम आपण जाणतो. पण 1936 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, ज्या खेड्यांत शाळा नाही तिथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं. त्यासाठी ते स्वतः पैसे गोळा करत फिरले. पुढे 104 वर्षं जगले. सगळे कर्वे नसतात, मान्य आहे. पण प्रत्येक वाडीत एखादी आजी अशी असते जिला साठ जातींच्या रानभाज्या ओळखता येतात. एखादे आजोबा असे, ज्यांना गावातल्या प्रत्येक हद्दीचा दगड माहीत असतो. त्यांना आपण कधी काही विचारतो का? की फक्त ‘जेवलात का’ एवढंच विचारतो?

आता शेवटचा आणि कामाचा भाग. गावाने करायचं काय?

आपल्या प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे. ग्रामदेवतेच्या जीर्णोद्धाराला ही मंडळं काही लाख रुपये उभे करतात, पै-पैचा हिशेब देतात. ज्यांना गाव सुटलं त्यांची गावावरची माया त्यात असते, आणि मी तिचा आदर करतो. त्याच मंडळांपुढे मला एक हिशेब मांडायचा आहे. एका गावचे तीनशे चाकरमानी धरा. प्रत्येकाने महिन्याला शंभर रुपये दिले तर तीस हजार होतात. त्यातून गावातल्या दोन बायकांना प्रत्येकी बारा हजार देता येतील. उरलेल्या सहा हजारांत महिनाभराची रिक्षा आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या गोळ्या. एका बाईने दिवसाला सहा घरं केली तरी दोघी मिळून बारा घरं होतात. एक दिवसाआड जायचं ठरवलं तर चोवीस. चोवीस घरांत कोणी तरी नियमाने येईल. गोळ्यांचा डबा बघेल, नखं कापून देईल, पाय सुजलाय का बघेल, पाण्याची कळशी आत घेईल, मुलाला व्हिडिओ कॉल लावून देईल. विरारच्या त्या मुलाला मग कॅमेऱ्यात बघून समाधान मानावं लागणार नाही. त्याला फोन करून विचारता येईल असं एक माणूस गावात असेल, आणि त्या माणसाच्या पगारात त्याचेही शंभर रुपये असतील.

ग्रामसभा वर्षातून चार वेळा भरते. त्यांतली 1 मेची सभा आपल्या सोयीची, कारण त्या वेळी आंब्याच्या हंगामाला आणि पोरांच्या सुट्टीला मुंबईकर गावात असतात. त्या सभेत तीन गोष्टी मांडा. पहिली, एकट्या राहणाऱ्या माणसांची यादी. मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभरांतले साधारण सहा जण एकटे आणि वीस जण फक्त जोडीदारासोबत राहत होते. आपल्या गावात किती, ते आपणच मोजायचं. नाव, वय, दुखणं, गोळ्या, मुलाचा फोन, शेजाऱ्याचा फोन, एवढी माहिती पुरे. दुसरी गोष्ट, बंद पडलेल्या शाळेची एक खोली दुपारसाठी मागून घ्यायची. चहा, वर्तमानपत्र, पत्ते, महिन्यातून एकदा डॉक्टर. तिसरी, ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक. त्यात महिला आणि बालकल्याणाचा दहा टक्के वाटा असतो, दिव्यांगांचा पाच टक्के. म्हाताऱ्यांच्या नावाचं एखादं शीर्षक त्यात आहे का? नसेल तर या वर्षी पाखाडीच्या कठड्यापासून सुरुवात करा, ठराव लिहून घ्या, आणि पुढच्या सभेत त्याचं काय झालं ते विचारा.

तुमच्यापैकी काही जणांनी आपल्या गावाच्या अंदाजपत्रकाची प्रत सोबत आणली आहे, असं मला कार्यवाहांनी सांगितलं. कार्यक्रमानंतर मी इथे वाचनालयातच आहे. टेबलाभोवती बसून आपण त्यांतली शीर्षकं एकेक करून वाचू.